दोन चुलींची बेकरी

पाव करपल्याचा वास भिंतीपलीकडून आला, तेव्हा थोरली अंगणात कपडे वाळत घालत होती. पहिल्या दिवशी तिनं दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी नाकाला पदर लावला. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना. ‘अगं, जळतंय! खालची आच कमी कर, खालची!’ ती भिंतीवरून ओरडली, आणि मग स्वतःच चपापली. अकरा वर्षांत धाकट्या जावेशी ती पहिल्यांदा बोलली होती.

भांडले होते भाऊ, तेही सासूच्या लोखंडी कपाटावरून. अंगणात भिंत उभी राहिली, चुली वेगळ्या झाल्या. पुढे कपाट गंजून भंगारात गेलं, भावांचं येणंजाणंही सुरू झालं. पण बायकांनी धरलेला अबोला असा सहजासहजी सुटतो होय! भांडण पुरुषांचं आणि राखण बायकांची, अशी ही जगरहाटी.

धाकटीनं सरकारी योजनेतून विजेची भट्टी घेतली होती. निम्मे पैसे सरकारचे, निम्मे तिनं दागिने मोडून घातलेले. गावात रोजगार वाढावा म्हणून योजना, तेव्हा अट अशी, की घराबाहेरचं एक माणूस पगारावर ठेवायचं आणि तीन वर्षं टिकवायचं. नाहीतर भट्टी परत. पहिली मुलगी आली, ती शहरात निघून गेली. दुसरी आली, तिला पहाटे उठवेना. तपासणी तोंडावर आली होती आणि मळायलाही धाकटी, भाजायलाही धाकटी, विकायलाही धाकटीच. पाव करपतील नाहीतर काय होईल?

आणि भिंतीच्या या बाजूला थोरली. बाजारातल्या जुन्या बेकरीत तिनं उमेदीची वर्षं काढलेली. पिठाला बोट लावलं की पाणी कमी पडलं का जास्त झालं, ते सांगायची. ती बेकरी बंद पडली, नवरा कामाला होता ती तेलाची गिरणीही बंद पडली, आणि तेव्हापासून ती चार घरची भांडी घासत होती. कामाला ती कधी लाजली नाही हो. पण कुठून भाजल्या पावाचा वास आला, की घासता घासता तिचे हात थांबायचे.

तिच्या ओरडण्यावर भिंतीपलीकडून रडवेला आवाज आला, ‘जाऊबाई, खालची म्हणजे कुठलं बटण?’

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. ‘माझ्याकडे काय बघतेस?’ तो म्हणाला. ‘जा की! मी आपला पावाची वाट बघतोय.’

ती गेली, आणि मग रोज पहाटे जातच राहिली. पगार ठरला. धाकटी पीठ मळायला लागली की थोरली म्हणायची, ‘अगं, हळू. पीठ मळायचंय, वैर काढायचं नाही.’ ‘अकरा वर्षांचं साठलंय, जाऊबाई,’ धाकटी म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या. पाव आता फुलून यायचे.

तपासणीच्या मॅडम आल्या त्या दिवसासाठी गल्लीनं सल्ला देऊनच ठेवला होता: नातं सांगू नका, हातचं काम जाईल आणि भट्टीही जाईल. मॅडमनी विचारलं, ‘तुम्हा दोघींचं काही नातं?’

‘छे! मी बाहेरची,’ थोरली म्हणाली. इतकी वर्षं हेच ती रागानं म्हणत आली होती. आज पोटासाठी म्हटलं, तर ते तिचं तिलाच लागलं.

धाकटीच्या हातातला ट्रे आदळला. ‘बाहेरच्या कशा?’ ती म्हणाली. ‘भिंत व्हायच्या आधी माझं बाळंतपण काढलंय यांनी! माझ्या सख्ख्या जाऊबाई आहेत या. भट्टी न्यायची तर न्या, मॅडम, पण यांना असं बोलायला लावू नका.’ आणि ती रडायलाच लागली.

थोरलीनं कपाळावर हात मारला. ‘अगं बये, होत्याचं नव्हतं केलंस!’

मॅडमनी चष्म्यावरचं पीठ पुसलं. ‘राहता एका घरात?’

‘नाही. मधे भिंत आहे.’

‘जेवण एकत्र?’

‘नाही हो. चुली कधीच्याच वेगळ्या.’

‘मग जावा असा नाहीतर बहिणी असा, आमची हरकत नाही. एका चुलीवर जेवणारे ते एक घर, एवढंच आमचा नियम बघतो.’ त्यांनी सही केली आणि जाताना मुलांसाठी पाव विकत घेतले.

दुपारी धाकटीनं हौसेनं दोन ताटं वाढली. थोरली मात्र चप्पल घालायला लागली.

‘अहो, कुठे चाललात?’

‘घरी. एकत्र जेवत नाही म्हणून सांगितलंय ना? बाईनं विश्वास ठेवलाय आपल्यावर. अट आहे तोवर तिला खोटं नाही पाडायचं.’

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ती एकटीच ताटापाशी बसली, तोच भिंतीवर भांडं वाजलं. पलीकडे थोरली स्टुलावर चढून उभी होती, आपलं ताट तिनं भिंतीवर ठेवलं होतं. ‘बघतेस काय? तुझंही ताट आण इकडे. मी माझ्या घरात, तू तुझ्या घरात.’

धाकटीनं पिठाचा रिकामा डबा उलटा घातला आणि त्यावर चढली. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून जेवल्या.

‘तीन वर्षं असंच जेवायचं?’ धाकटीनं विचारलं.

‘अकरा काढली ना गं तोंड न बघता? तीन काय घेऊन बसलीस,’ थोरली म्हणाली. ‘घे, भाजी घे.’