चालू वर्षाची फाइल

बाटल्यांच्या कारखान्यात ती तपासणीला होती. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जायच्या, मागे दिवा असायचा. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड दिसलं की बाटली उचलायची आणि कागदावर वेळ लिहायची. एकोणीस वर्षं हेच. त्यामुळे मुलीला पहिली फिट आली तेव्हाही तिने आधी घड्याळ पाहिलं. सासूबाईंनी हे तिला कधी माफ केलं नाही.

तेव्हापासून सात वर्षं ती प्रत्येक फिट कॉम्प्युटरवर नोंदवत आली. तारीख, वेळ, किती मिनिटं, नंतर किती झोपली. दर वर्षाची वेगळी फाइल. मुलगी आता चौदाची झाली होती. घरात तिला चिमणी म्हणत आणि तिला ते अजिबात आवडत नसे. “लोकांच्या आया फोटो ठेवतात,” ती म्हणायची, “माझ्या आईने हजेरीपट ठेवलाय.”

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती, चार महिने थांबून. जानेवारीत औषध बदललं होतं. त्याने फिट कमी झाल्या असतील तर तेच औषध चालू ठेवायचं, नसतील तर मेंदूचं ऑपरेशन. “नोंद आणा,” डॉक्टरांनी बजावलं होतं. “नोंद नसेल तर पुन्हा सहा महिने बघत बसावं लागेल.” सोमवारी ती कागद छापायला बसली आणि कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. पंखा फिरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, आणि गाडं तिथेच अडलं.

दुरुस्तीवाल्याचं दुकान जिन्याखाली होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यायचा.

“घाबरू नका,” तो म्हणाला.

“घाबरले नाही,” ती म्हणाली. ते खरंच होतं. आत काही हलत नव्हतं. तिने पेनड्राइव्ह पुढे केला. “दर रविवारी यात घालून ठेवते. घातल्यावर उघडूनही बघते.”

“वा! तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असती तर माझं दुकान बंद पडलं असतं.” त्याने तो स्वतःच्या मशिनला लावला आणि उघडून पाहिला. “बाई, यात काय घालत होता?”

“पडद्यावरचं फोल्डर.”

“ते फोल्डर नाही. फोल्डरकडे जायची नुसती वाट आहे. कुणीतरी तुमच्या सोयीसाठी पडद्यावर ठेवलेली.”

कुणीतरी म्हणजे नवऱ्याने. तो बाहेरगावी कामाला असे. बायकोला शोधाशोध नको म्हणून एका सुट्टीत त्याने ते करून दिलं होतं.

“पण मी बघायचे तेव्हा उघडायचं.”

“उघडणारच. त्याच मशिनवर बघत होता ना? वाट तिथलीच, घरही तिथलंच. इथे नुसती वाट आलीय.”

ती दर रविवारी तपासत होती. चार वर्षं. धक्का बसायला हवा होता. तिला फक्त आपले पाय दुखताहेत एवढं जाणवलं.

त्याने कॉम्प्युटर खोलला, डिस्क काढून आपल्या मशिनला जोडली. डिस्क टकटक करायला लागली तसा तो डिस्कवर वाकला. “ही फार वेळ टिकायची नाही. आधी काय काढू? फोटो?”

“फोटो राहू देत. फाइली.”

दीड तासात आधीच्या सहाही वर्षांच्या फाइली निघाल्या. सातवी, चालू वर्षाची, नावापुरती आली; उघडली तर आत चौकोन आणि प्रश्नचिन्हं. त्याने आणखी तीनदा प्रयत्न केला. मग टकटकही थांबली.

घरी सासूबाई शेंगा सोलत होत्या. “मिळालं?”

“सहा वर्षं मिळाली. हवं तेच गेलं.”

ती कोरा कागद घेऊन बसली. आठ महिने आठवायचे होते. तिला दोन फिट आठवल्या, एक शाळेतली, एक जिन्यातली. बाकी सगळं लिहून टाकलं होतं, म्हणून डोक्यात ठेवलं नव्हतं.

“लिही,” सासूबाई शेंगांवरची नजर न हलवता म्हणाल्या. “नळवाला आला त्याच्या आदल्या दिवशी. निळी चादर. पाणी नव्हतं म्हणून तशीच ठेवली होती.”

तिने मोबाइलवर नळवाल्याचा निरोप शोधला. तारीख लिहिली.

“मग फुलांची चादर, लागोपाठ दोनदा. तुझी नणंद येऊन राहिली होती तेव्हा. दुसऱ्यांदा गादीही उन्हात टाकली.”

फिटमध्ये मुलीचे कपडे, अंथरूण भिजायचं. ती घड्याळ बघायची आणि सासूबाई चादर काढायच्या. इतकी वर्षं दोघींनी एकच गोष्ट एकमेकींना न सांगता मोजली होती. शाळेच्या चिठ्ठ्या, नणंदेचे फोन, वीज गेल्याचे दिवस असं धरत धरत संध्याकाळपर्यंत चोवीस झाल्या.

चिमणी पाठीमागे येऊन उभी होती. “ती काढ,” ती म्हणाली. “नऊ तारखेची.”

“का?”

“गणिताची चाचणी होती.”

आई मागे वळली. “म्हणजे नाटक?”

“आणि त्याच्या पुढची. आणि आत्याकडची.”

“नऊ तारखेची चादर कोरडी होती,” सासूबाई म्हणाल्या. “मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत, अहो आई?”

“बोलून काय? तू लिहून टाकली होतीस.”

चिमणीला रागवायला हवं होतं. तिने पट्टी घेतली आणि तीन ओळींवर सरळ रेघा मारल्या.

गुरुवारी डॉक्टरांनी तो हाताने लिहिलेला कागद दोनदा वाचला. “या खोडलेल्या?”

“खऱ्या नव्हत्या.”

“आणि उरलेल्या कशावरून खऱ्या?”

“त्या दिवसांच्या चादरी, कपडे सासूबाईंनी धुतलेत.”

डॉक्टर हसले नाहीत. गेल्या वर्षीचा छापील कागद त्यांनी शेजारी ठेवला. त्याच आठ महिन्यांत तेव्हा बावीस, आता एकवीस. “औषधाने फरक पडलेला नाही. ऑपरेशन करू या. आधीच्या तपासण्या पुढच्या महिन्यात.”

तिने सही केली, तारीख नीट घातली, तपासण्यांची वेळ लिहून घेतली. बाहेर आल्यावर चिमणीने बाही ओढली.

“सगळे केस काढणार, की एका बाजूचे?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीस?”

“नाही.”

“वेळ मात्र लिहून घेतलीस!” मुलीचा आवाज चिरकला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आत दुसरा पेशंट गेला होता. तिने मुलीला बाकावर बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, आणि केसांचं विचारायला दाराशी जाऊन उभी राहिली. किती वेळ लागला ते तिने पाहिलं नाही.