शीतलबाग कोणी आखली

निफाडजवळच्या शीतलबागेवर इंटरनेटवर एका हौशी प्रवाशाने लिहिलं आहे की ही बाग गोऱ्या साहेबाने आखली. खाली बऱ्याच जणांनी 'छान माहिती' असं म्हटलं आहे. माहिती छान असेल, पण खोटी आहे. तेच वाक्य बागेच्या दगडात कोरलं जाणार असं एप्रिलमध्ये कळलं, म्हणून मी तिकडे गेले, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. ती बाग माझ्या मावशीने आखली. तिचं नाव सुमन.

धाकटी बहीण शालू सोबत होती. पुण्याहून शिवाजीनगरची पहाटेची एसटी घ्या. एप्रिलमध्ये उशिरा निघालात तर चंदनापुरी घाटातच भाजून निघाल. संगमनेरला गाडी चहाला थांबते. तिथे शालूने विचारलं, "तू बाग बघायला निघालीस की भांडायला?"

"दोन्ही एकाच तिकिटात होतं."

"मग माझं तिकीट फक्त बागेचं समज."

नाशिकला उतरून आधी मिसळ खाल्ली. पापड सोबत येतोच, दही वेगळं मागून घ्या. पुढे निफाडची एसटी धरायची आणि फाट्यावरून काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली याचा अर्थ ड्रायव्हरच्या दारातही एक जण बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे होते. माल निघालेला, वेल खुंटापर्यंत उतरवणारी एप्रिलची खरड छाटणी चाललेली.

बंगला कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. मावशीचे यजमान नानासाहेब रस्त्यांची कंत्राटं घेत. त्यांनी तो हौसेने बांधला: गोल गच्ची, रुंद व्हरांडा, फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांची नक्षीदार जमीन. पण तेव्हा बंगल्याखाली नुसता मुरमाड उतार होता, कुसळंसुद्धा धड उगवत नसत. मावशी द्राक्षबागायतदाराची मुलगी. तिने उताराचे तीन टप्पे पाडले, काळ्या दगडाचे बांध घातले, वरच्या विहिरीचं पाणी पाटाने असं वळवलं की पंप न लावता ते तिन्ही टप्पे भिजवून कालव्याकडे जावं. बकुळ, कैलासपती, चाफा. पायवाट वळणावळणाने उतरते आणि प्रत्येक वळणावर बंगला वेगळा दिसतो. हे आपोआप घडलेलं नाही. तिने चुन्याची फक्की मारून वाट आखली, पुसली, पुन्हा आखली. मी सुट्टीत तिथे असायचे, मी पाहिलं आहे.

दोघांना मूल नव्हतं. जाताना त्यांनी बंगला आणि बाग गावाला दिली. आता गावाची समिती ती महाराष्ट्रदिनी सर्वांसाठी उघडणार होती. समितीचे अध्यक्ष अण्णा व्हरांड्यात भेटले. स्वतः बागायतदार, पांढरी टोपी, बोलणं तोलून.

"ताई, गोऱ्या साहेबाचं मी नानासाहेबांच्याच तोंडून ऐकलंय. इथंच बसून."

"मीही ऐकलंय. ते मिरवायला सांगायचे, तेव्हा मावशी आतून चहा घेऊन येत होती."

"मग त्या बोलल्या का नाय कधी?"

"पाहुण्यांपुढे नवऱ्याला खोटं पाडायची पद्धत तुमच्या घरी आहे का?"

अण्णा म्हणाले, "ते खरं. पण समितीत माणसं लय. ती म्हणतील, भाची हाय, मावशीचंच सांगणार. दगडवाला उद्या येतोय. काय दाखवू त्यांना?"

दाखवायला माझ्याकडे नकाशा, कागद काही नव्हतं. मी म्हटलं, बाग तरी बघू.

तिसऱ्या टप्प्यावर मावशीचा मधुमालतीचा मांडव होता. लांबलचक, खालून चालताना ऊन लागत नसे, आणि ऐन उन्हाळ्यात फुलांनी भरून जाई. अण्णांसोबत आम्ही खाली उतरलो आणि पाहिलं तर मधुमालती नव्हती. नुसते बुंधे आणि हातभर खुंट. पलीकडे फांद्यांचा ढीग पडला होता, आणि त्याच्या शेजारी कात्री पुसत रामनाथ उभा होता. अण्णांचा पुतण्या, साफसफाईची जबाबदारी त्याची.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"आम्हीच, काकू. खरड छाटणी मारली."

"ही द्राक्षं आहेत?"

"नाय, ते कळलं नंतर." तो ओशाळला. "मळ्यातली छाटणी उरकून तसेच इकडं आलो सगळे. वर मांडव दिसला, हात चालला."

शालू तोंडाला पदर लावून हसत होती. मी त्याला पाच मिनिटं जे बोलायचं ते बोलले. बोलता बोलता वर पाहिलं आणि थांबले.

इतकी वर्षं वेलाखाली झाकलेला मांडव पहिल्यांदाच उघडा दिसत होता. दगडी खांब, त्यांवर तारांची चौकटी वीण, आणि दोन्ही टोकांच्या खांबांना तारेचे तणावे देऊन ते जमिनीत पुरलेल्या दगडांना बांधलेले. शोभेच्या मांडवाला कोणी असं करत नाही. दहा टन द्राक्षं पेलायची असतील तर करतात.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमच्या मळ्यातला मांडव आणि हा, यांत फरक सांगा."

अण्णांनी एक तार धरून ओढली. जराही हलली नाही. टोकाशी जाऊन पुरलेला दगड पाहिला. मग रामनाथला म्हणाले, "तुझे हात का चालले ते कळलं का? हा द्राक्षाचाच मांडव हाय. साहेब कुठून बांधतोय असला. हा बागायतदाराच्या लेकीचा हात."

"म्हणजे चूक नाय झाली ना आमची?"

"झाली," मी म्हटलं. "यंदा फुलं नाहीत. पण पाणी द्या, फुटेल."

संध्याकाळी अण्णांनी समितीला बंगल्यावर न बसवता मांडवाखाली उभं केलं. सगळे बागायतदार. फार बोलावं लागलं नाही. दगडावरचं साहेबाचं वाक्य रद्द झालं.

पुण्यात परतल्यावर शालू म्हणाली, भांडण बघण्यात बाग बघायची राहिलीच. माझ्या मनात मात्र त्या ताणलेल्या तारा राहिल्या. आमच्या मावशीने फुलांच्या वेलालाही फळाइतकाच पक्का आधार दिला होता, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो. तुम्ही जाल तेव्हा तिसऱ्या टप्प्यापर्यंत उतरा. बहुतेक जण चाफ्यापाशी फोटो काढून परततात.

महाराष्ट्रदिनी मी पुन्हा गेले. बंगल्याच्या दिवाणखान्यात ठेवण्यासाठी माझ्याकडे राहिलेल्या मावशीच्या वस्तू समितीच्या हवाली केल्या. पोच अण्णांच्या हातची आहे, ती जशीच्या तशी देते:

'छाटणीची कात्री एक. तार ताणायचा पाना एक. फोटो एक, काचेसह. शीतलबाग आखणाऱ्या व उभी करणाऱ्या कै. सुमनताई यांच्या या वस्तू त्यांच्या भाचीकडून मिळाल्या.'