पहिल्या पानावरची सरस्वती

नातीची वकिलीची पदवी झाली तेव्हा मला वाटलं, सुटले. कसलं काय. पदवीनंतर आणखी एक बारची परीक्षा असते. तोवर दोन वर्षं तात्पुरत्या सनदेवर काम करता येतं, तेवढ्यात पास झालं नाही तर काळा कोट उतरवायचा. ती दोनदा नापास झाली आणि दोन वर्षं संपत आली. आता एकच खेप उरली होती.

या परीक्षेत कायद्याचं पुस्तक जवळ ठेवता येतं, त्यामुळे बोलणी जास्त बसतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहणारे; गावातल्या दतिया गेटपाशी भाजी घेताना शेजारीण म्हणाली, "अम्मा, किताब देखके लिखना है, उसमें भी फेल?"

"तुम दे आओ, किताब मैं पकड़ती हूँ," मी म्हटलं.

पण ती नापास का होते, ते कळत मलाही नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. एकदा घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसले. एका प्रश्नासाठी ती पानं उलटतच राहिली. उत्तर सापडेपर्यंत वेळ गेला, पुढचे प्रश्न तसेच राहिले. नापास अशीच होत होती.

दसऱ्याला आम्ही पाटावर पुस्तकं मांडतो आणि एकचे आकडे जोडून सरस्वती काढतो. नातीला मराठी धड बोलता येत नाही, पण ही सरस्वती ती लहानपणापासून काढते. सगळे कायदे ज्यात होते त्या जाड पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तिनं ती पेन्सिलीनं काढली. परीक्षेच्या पुस्तकात हातानं लिहिलेलं-काढलेलं काही चालत नाही, हे घरात कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

केंद्र लखनऊला. सोबत मी गेले. फाटकावरच्या माणसानं पुस्तक उघडलं.

"मैडम, ये कौन सा कोड है?"

"सर, सरस्वती है."

"सरस्वती? हंस कहाँ है? वीणा कहाँ है?"

"भैया, हमारे यहाँ ऐसी ही होती है," मी म्हटलं.

"अम्मा, आप पीछे हटिए. किताब अंदर नहीं जाएगी."

ती रिकाम्या हातानं आत गेली. ते धूड मांडीवर घेऊन मी फाटकाबाहेर कट्ट्यावर बसले. देवीकडे काही मागितलं नाही. गुडघे दुखत होते.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आजी, पूरा कर आई. ढूँढने को कुछ था ही नहीं."

पास झाली. शेजारीण म्हणाली, सरस्वती मैया की कृपा. मी म्हटलं, "कृपा काहे की, किताब बाहर थी इसलिए." नात पेढा तोंडात न घालता झोपली, ती संध्याकाळीच उठली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली, तर ती ज्याच्या हाताखाली काम करते त्या मोठ्या वकिलानं नेहमीसारखंच कोर्टात तारीख घ्यायला पिटाळलं. घरी येऊन कोट खुंटीला अडकवला आणि आडवी झाली.

"आजी, पैर दबा दो ना."

"आणि माझे कोण दाबणार, वकीलसाहेब?" म्हटलं, आणि दाबायला बसले.