आत्याबाईंच्या ताटातली शेवळं

शेदोनशे माणसांच्या पंगतीत मी बेधडक वाढलं आहे. हळदीच्या जेवणात पातेलं कमरेला लावून ओळीच्या ओळी उरकल्या आहेत. पण एकदा फक्त दोन माणसं जेवायला बसली होती आणि मला वाढणं नकोसं झालं होतं. ती पंगत आठवली की आजही माझा घास तोंडातच रेंगाळतो.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. आम्ही तिघी मैत्रिणी शहापूरजवळच्या एका शाळेत शिकवत होतो. मी सापगावची. दुसरी मुरबाडहून एसटीने यायची आणि उशीर झाला की सगळा दोष कंडक्टरवर टाकायची. तिसरी खर्डीच्या पलीकडच्या गावातली. शांत, कमी बोलणारी, आणि हाताला अशी चव की तिच्या डब्याचं झाकण उघडलं की बाकीचे डबे आपोआप मागे सरकायचे. मधल्या सुट्टीत आम्ही तिन्ही डबे एकत्र ठेवायचो. मुरबाडवालीचं सुकट, माझी चवळीची उसळ, आणि खर्डीवालीच्या तांदळाच्या भाकऱ्या, पातळ आणि मऊ. आमच्या भांडणांतली निम्मी भांडणं शेवटच्या भाकरीवरून व्हायची.

मग शाळेत घाटावरचे एक सर आले. साताऱ्याकडचे. खानावळीचा डबा खायचे. त्या डब्यात रोज पिवळ्या पाण्यात बटाट्याच्या दोन फोडी पोहत असायच्या. आम्हाला दया आली, आम्ही त्यांना बोलावलं. महिन्याभरात ते स्वतःचा डबा न उघडताच आमच्यात येऊन बसायला लागले. शनिवारी शाळा सकाळची असायची, तेव्हा आम्ही चौघं एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळ खायला जायचो. खर्डीवाली दर वेळी म्हणायची, "मला नको गो, भूक नाय." आणि मग सरांच्या ताटलीतला पाव तोडून खायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मुरबाडवालीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पुढे पाय द्यायची गरज उरली नाही.

सर आमच्याकडचं सगळं खायला शिकले. शेतातले खेकडे, कुर्डूची भाजी, सगळं. एका जूनमध्ये तिने डब्यात शेवळं आणली. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. चवीला मटणाच्या तोडीचे, पण अंगचे खाजरे. आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि भाजीत काकडांचा रस घालावाच लागतो. काकडं ही हिरवी, आवळ्याएवढी, भयंकर आंबट रानफळं. बाजारात शेवळांच्या जुडीशेजारीच त्यांचा वाटा मांडलेला असतो, कारण त्या रसानेच शेवळांची खाज मरते. रस कमी पडला तर जीभ आणि घसा असा खवखवतो की माणूस रडकुंडीला येतो. त्या दिवशीची भाजी उत्तम झाली होती. सरांनी डबा पुसून खाल्ला आणि म्हणाले, "झकास. जरा आंबट आहे एवढंच." आम्ही हसलो आणि विसरून गेलो. ती मात्र विसरली नव्हती.

वर्षभरात गोष्ट लग्नापर्यंत आली. तिच्या वडिलांनी बरंच तोंड वाकडं करून शेवटी हो म्हटलं. अडलं ते सरांकडे. त्यांची आई लहानपणीच गेलेली. आत्याने वाढवलेलं. आत्या म्हणजे विधवा बाई, स्वतःचं मूलबाळ नाही, सगळा जीव ह्या भाच्यावर. तिचं म्हणणं असं, की ती तिकडची भात खाणारी माणसं, रानातलं काय बी उपटून शिजवतात, आपल्या पोराचं तिथं कसं निभायचं? आणि सरांनी आम्हाला स्पष्ट सांगून टाकलं, "आत्या नाही म्हणाली तर मी पुढे जाणार नाही. तिला दुखवून मला काही करायचं नाही."

मला असा राग आला होता! मी तोंडावर म्हटलं, "मग वर्षभर पाव कशाला तोडू दिलात?" खर्डीवालीने माझा दंड दाबला. तिला त्यांचं म्हणणं पटलं होतं, हेच मला पटत नव्हतं.

शेवटी पुढच्या जूनमध्ये, एका रविवारी, आत्याबाई मुलीचं घर बघायला येणार असं ठरलं. सरांनी त्यांना वर्षभर शेवळांचं कौतुक ऐकवलेलं, तेव्हा त्यांनी निरोपच धाडला होता, की ती काय भाजी म्हणतोस, तीच करायला सांग. बघू तरी.

खर्डीवालीला आई नव्हती. म्हणून आम्ही दोघी सकाळीच तिच्या घरी हजर झालो. अंगण सारवलेलं, वडील नव्या धोतरात ओट्यावर बसलेले. ते शिस्तीचे शेतकरी. त्या घरात एक पद्धत होती, आणि ती मोडायची कोणाची छाती नव्हती. हंगामातली पहिली रानभाजी आधी देवाला, मग पाहुण्याला, आणि मगच घरच्यांच्या तोंडात. चुलीशी बसलेल्या बाईने थेंबभर रस्साही चाखायचा नाही. पाहुणे उठेपर्यंत वडील स्वतःही जेवायला बसत नसत.

एरवी ठीक. पण शेवळं चाखल्याशिवाय कशी कळणार? तिखट रंगावरून कळतं, मीठ वासावरूनही सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. खाज मात्र जिभेलाच कळते.

शेवळं निवडली मी. पिवळा भाग काढला, चिरली. मुरबाडवालीने वाल सोलले. काकडांचा रस काढायचं काम खर्डीवालीने स्वतःकडे ठेवलं. बिया काढून, वाटून, पिळून वाटी भरली. ती चुलीशी आणि आम्ही भाकऱ्यांच्या पिठाशी. पातेल्यावर झाकण पडलं तेव्हा मी विचारलं, "सगळं नीट ना?" ती म्हणाली, "हो." पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

वडील पळसाच्या पानावर भाजीभाकर घेऊन बांधावरच्या देवाला दाखवून आले, आणि तेवढ्यात सर आणि आत्याबाईंची रिक्षा दारात उभी राहिली.

आत्याबाई उंच, काळ्यासावळ्या, डोक्यावर पदर घट्ट. घर बघताना त्यांचे डोळे कुठेच थांबत नव्हते. मुलीने वाकून नमस्कार केला, तर "असू दे, असू दे" एवढंच. वडिलांनी प्रवासाचं विचारलं. "बरा झाला." पाऊसपाण्याचं विचारलं. "आमच्याकडं अजून न्हाई." सर मधे मधे हसायचे आणि कोणीच साथ देत नसल्यामुळे गप्प बसायचे.

पाट मांडले. दोघं बसले, आत्याबाई आणि सर. मी भाकरी वाढली, मुरबाडवालीने वालाचं आणि भाताचं बघितलं, आणि खर्डीवालीने आत्याबाईंच्या ताटात स्वतः शेवळं वाढली. भरपूर वाढली. मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "रस मी निम्माच घातला."

मला आधी कळलंच नाही. "कसला रस?"

"काकडांचा. त्यांना आंबट नाय चालत ना. तेव्हा डब्यातली खाऊन म्हणलेले. घाटावरच्यांना आंबट नाय आवडत, आत्यांना तर मुळीच नाय आवडायचं."

तिला ओरडावं, की तिचं तोंड दाबावं, की पातेलंच उचलून मागच्या दारी ओतावं? काहीच करता येत नव्हतं. वडील समोर भिंतीला टेकून बसले होते, पाहुण्यांच्या ताटांवर लक्ष ठेवून. "वाढा गो, हात आखडू नका," असं वर सांगतही होते.

आत्याबाईंनी पहिला घास घेतला. चावला. गिळला. "चव बरी हाय," म्हणाल्या. त्या घरात शिरल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं धड वाक्य. वडील सैल झाले. पण शेवळांची खाज लगेच लागत नाही, ती दबा धरून बसते. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.

आधी सरांना लागली. त्यांनी घास अर्ध्यात थांबवला, पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मग हा शहाणा माणूस काय करतो, तर पटापट भाजी संपवायला लागतो! जणू ताटातली संपली की कोणाला कळणार नाही. शेजारी आत्या बसली आहे, तिच्या ताटातही तेच आहे, तिला सांगावं, थांबवावं, ते नाही. मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटला.

आत्याबाई मात्र सावकाश जेवत होत्या. एकदा त्यांनी घसा खाकरला. एकदा पदराने ओठ पुसले, आणि पुसून झाल्यावरही पदर तिथेच दाबून धरला. पाण्याला हात लावला नाही. पुन्हा भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा भाजीत बुडवला. त्यांचा चेहरा आल्यापासून होता तसाच, काही वाचता येईल तर शपथ. मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. खा बाई, स्वतःलाच म्हणत असतील, बघ तरी पोरगा कुठं पडतोय. आता उठतील, हात धुतील आणि एक शब्द न बोलता रिक्षा मागवतील. मुरबाडवाली स्वयंपाकघराच्या दारात भाताचं भांडं धरून पुतळ्यासारखी उभी होती.

"आणखी वाढ गो त्यांना," वडील म्हणाले.

खर्डीवाली पुढे झाली. पातेलं तिच्या हातात नव्हतं. ती आत्याबाईंच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि तिने त्यांच्या पुढचं ताट उचलून घेतलं.

आमच्याकडे जेवत्या माणसाच्या पुढून ताट ओढणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. शत्रूच्या पुढूनही कोणी ओढत नाही. वडील उठूनच उभे राहिले. "येडी झालीस काय गो?" आवाज असा, की अंगणातला कुत्रा उठून गेला.

"त्यांचा घसा सोलतोय, बाबा," ती म्हणाली. आणि मग आत्याबाईंना, "नका खाऊ. माझी चूक झाली. आंबट घालायचं असतं तेवढं मी नाय घातलं. तुमाला आवडणार नाय वाटलं म्हणून."

एवढं बोलून ती थांबली. ताट तिच्या दोन्ही हातांत. मला रडू यायला लागलं होतं. सगळं संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोरीला साधी भाजी येत नाही, वर पाहुण्याच्या पुढचं ताट ओढते. साताऱ्यात हे कसं सांगितलं जाईल, तेही मला शब्दशः ऐकू येत होतं. सर मान खाली घालून बसले होते.

मुरबाडवाली तेवढ्यात भानावर आली. भाताचं भांडं तिथेच ठेवून ती आत पळाली आणि वाटीत चिंच कोळून आणली. आत्याबाईंनी ती वाटी घेतली, तोंडाला लावली आणि घोट घोट करत अर्धी संपवली. पदराने तोंड पुसलं.

मग त्या बोलल्या. आवाज पार बसला होता.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्यात ही आशीच खात्यात. म्हटलं, पोरगं आता हितंच ऱ्हायचं म्हणतंय. मग आपल्याबी घशाला सवय लावून घ्यावी."

वडील उभेच होते, ते हळूहळू भिंतीला धरून खाली बसले. खर्डीवालीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हातातल्या ताटामुळे तिला ते पुसताही येत नव्हतं. आत्याबाईंनी हात पुढे केला, तिच्या हातातून ताट परत घेतलं, स्वतःपुढे ठेवलं. भाजी बोटाने कडेला सारली. आणि उरलेली भाकरी चिंचेच्या पाण्यात बुडवून खायला लागल्या.