निऑनची निळी कळशी

बंद पडलेल्या दुकानांच्या निऑनच्या पाट्या गोळा करायचं वेड मला कधी लागलं ते सांगता यायचं नाही, पण साताऱ्यातल्या आमच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत आता पाहुणे झोपू शकत नाहीत. तिथे एका आइस्क्रीमवाल्याचा गुलाबी कोन आहे, फोटो स्टुडिओचा हिरवा कॅमेरा आहे आणि कराडच्या एका शिंप्याची हातभर लांब कात्री. नवरा वीज खात्यातून निवृत्त झालेला. "लोक देव्हाऱ्यात दिवा लावतात, तू भंगारात लाव," असं म्हणतो आणि वायरी मात्र निमूट जोडून देतो.

पण माझा खरा जीव अडकला होता सांगलीतल्या एका भांड्यांच्या दुकानावर. लाल अक्षरं, त्यांच्यावर कललेली निळी कळशी, आणि कळशीतून एकामागून एक पेटत खाली येणारे तीन थेंब! दुकानाचे मालक जैन व्यापारी, ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, म्हणून मीही. बायको गेली तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं, ते पुन्हा उघडलंच नाही. मी पाटीसाठी किती फेऱ्या मारल्या, दर वेळी चहा मिळाला आणि नकार मिळाला.

मग गेल्या पावसाळ्यात त्यांचाच फोन आला. इमारत पाडायची ठरली होती आणि ते लेकाकडे पुण्याला निघाले होते. "या बाई. पण एक ऐका. पेटली तर तुमची. न्हाई पेटली तर भंगारात जाऊ द्या. मेलेली पाटी भिंतीला टांगून लोकांना दाखवायची न्हाई."

मी नवऱ्याला घास पुरा गिळूही दिला नाही, तसाच गाडीत घातला.

निऑनचं असं असतं की काचेच्या नळीला केसाएवढी चीर गेली तरी आतला वायू उडून जातो. मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती पेटत नाही. नवरा दुपारभर शिडीवर चढून कुजलेल्या वायरी बदलत होता आणि मी खालून "झालं का?" विचारत होते. शेवटी तो म्हणाला, "तू ये वर, मी खालून विचारतो." आभाळ गच्च भरलेलं होतं. एकदाचा त्यानं "लाव" म्हणून हात केला. आण्णा खुर्चीतून उठले नाहीत, त्यांनी मला नुसतं बटण दाखवलं.

मी आत जाऊन दाबलं आणि धावत बाहेर आले. काहीच नाही. मग वरून गुणगुण ऐकू आली, लाल अक्षरं थरथरली, धरली, आणि कळशी निळीशार पेटली. पाठोपाठ थेंब! एक, दोन, तीन! मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचे दुचाकीवाले थांबले. आनंदात मी शिडीच गदागदा हलवली, नवरा वर असताना.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून आणखी मोठी आरोळी आली. "आवं आण्णा! आत्ताच कशी लावली? माझं जेवान ऱ्हायलं की!"

समोरच्या घरातल्या आक्का, ओले हात घेऊन उभ्या. आण्णा हसता हसता खोकायला लागले. मग मला कळलं. ही सगळी गल्ली जैनांची, दिवस मावळायच्या आत जेवणारी. आण्णा नेमके सूर्य बुडताना पाटी लावायचे, त्यामुळे समोरची घरं घड्याळाकडे बघायचीच नाहीत. पाटी लागली की हात ताटाबाहेर. आज इतक्या वर्षांनी निळा उजेड खिडकीत आला आणि आक्कांनी भरलं ताट सारून हात धुतले. मी मात्र ढगाखाली भर दिवसा ती लावून बसले होते.

"बंद करा," आण्णा म्हणाले.

मी बटणाकडे गेले, पण दाबवेना. "आण्णा, परत नाही पेटली तर?"

"मग काय आक्काला उपाशी ठेवू?"

बंद केली. आक्का पुन्हा जेवायला बसल्या. इतकं सावकाश जेवणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. मी खालून डोकावले तर म्हणतात, "दम धरा की, ताक ऱ्हायलंय." एवढा राग आला होता आणि हसूही. शेवटी त्यांनी धुतलेला हात गॅलरीतून हलवून दाखवला. तोवर दिवस खरंच बुडाला होता.

आता आण्णा उठले. चपला बाहेर काढून आत गेले आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. पेटली! पहिल्यापेक्षा झटकन पेटली. मी नाचले, अगदी भर रस्त्यात. आण्णा रस्त्यावर येऊन वर बघत उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर निळा उजेड पडला होता.

"घेऊन जावा," ते म्हणाले. "लय झ्याक पेटलीय."

समोरून आक्कांनी विचारलं, "आण्णा, तुमी जेवलासा का?"

त्यांनी मान खाली केली नाही. "न्हाई. आमची मंडळी वरच्या घरातनं हाक मारायची, आधी जेवा, मग बटण दाबा." मग म्हणाले, "आज कुणी हाकच मारली न्हाई."