कापसावरचे बूट

कोणी तिच्या चालण्याकडे टक लावून पाहिलं, की ती थांबायची, जागेवरच बसायची आणि उजवा पाय पुढे करायची. "पाहून घ्या बरं नीट. फुकट हाये." पाहणारा ओशाळून निघून जायचा. तुम्हीही पाहिलंच असतं. दोन्ही तळवे बाहेर फेकत, लाकडाचे पाय लावल्यासारखी ती चालायची.

दिग्रसच्या ज्या जिनिंग कारखान्यात मी वजनकाट्यावर कारकून होतो, तिथे ती कापसातला कचरा निवडायला होती. तांड्यावरून तरण्या लेकीला सोबत घेऊन यायची. लेक तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची. म्हणून आम्हीही याडीच म्हणायचो. शिव्या सगळ्यांना तोंडावर द्यायची, फक्त मुकादमाला पाठीमागे.

तिच्या टाचेजवळची हाडं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली. तिच्या आईची तशीच होती, लेकीचीही तशीच निघाली. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, याडीच्या पायांचं आता काही होणार नाही, पोरीचे वाचतील. तळव्याचं माप घेऊन त्यांनी एक टणक गादी करून दिली. ती गादी बंद बुटातच बसायची, आणि बूट दिवसभर पायात हवे होते. थोड्याच दिवसांत पोरगी न कण्हता चालू लागली. "माह्यासारखी नाई होऊ देत मी हिले," याडी सांगत फिरायची.

आणि जिनिंगचा नियम काय, तर कापसाच्या गंजीवर अनवाणीच चढायचं! मुकादमाने पोरीचे बूट काढायला लावले. याडी रोज बुटांचे तळ घासून धुवायची आणि त्याच्या नाकासमोर धरायची. तो ढिम्म. मी मध्ये पडलो तर म्हणाला, "बाबूजी, तुमी काटा पाहा." कापसाच्या पडझडीची वर्षं ती, जिनिंगा बंद पडत होत्या, गेटबाहेर कामासाठी बाया उभ्याच असायच्या. त्याच जोरावर त्याची मुजोरी. पोरगी पुन्हा लंगडू लागली. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

एके दिवशी शेटजी व्यापाऱ्यांना घेऊन आले आणि चिखलाच्या बुटांसकट थेट गंजीवर चढले. मुकादम हात जोडून बाजूला. याडी मात्र उठून समोर गेली.

"शेटजी, जोडे काढा न. कापूस हाये."

एका व्यापाऱ्याने खाली पाहून खरंच बूट काढले. शेटजींनी काढले नाहीत. त्यांनी मुकादमाकडे नुसतं पाहिलं, आणि दोघींचं काम तिथेच गेलं. चिखल कोणाचा आणि घालवलं कोणाला, ते तुम्हीच पाहा.

याडीने एक शिवीसुद्धा दिली नाही. कोपऱ्यातले लेकीचे बूट आणले, तिला गंजीवरच बसवलं, गादी नीट सरकवून स्वतः नाड्या बांधल्या. "आता चाल. दमानं," म्हणाली. पोरगी शेटजींच्या समोरून, भर कापसातून, सरळ पाय टाकत गेटबाहेर गेली. मागून अनवाणी याडी.