दिल्लीच्या झुडपांपुढे टाळ्या

दिल्ली बघायला आम्ही तिघं निघालो, मी, आमचे हे आणि सासूबाई. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात मोहफुलं वेचताना सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला वाघानं नेलं. तेव्हापासून सासूबाईंनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. परमुलखात तरी मोकळ्या फिरतील, असं ह्यांना वाटलं.

मी तेव्हाची दीडशहाणी. डोळ्यांवर काळा चष्मा, पायात उंच टाचा, आणि हिंदी अशी की रिक्षावाला ह्यांनाच विचारायचा, "मॅडम क्या बोल रही हैं?"

पहिले दोन दिवस सासूबाई रिक्षातून उतरल्याच नाहीत. कुतुबमिनार तिथूनच पाहिला. "दिसते न इथूनच. उंच हाय."

तिसऱ्या दिवशी शहराबाहेरचा पडका किल्ला. दारापासूनच झुडपं माजलेली. सासूबाई उतरल्या खऱ्या, पण दारातच थांबून जोरजोरात टाळ्या वाजवू लागल्या. आमच्याकडे गवतातून जाताना असंच करतात, म्हणजे जनावर आधीच बाजूला होतं. इथं मात्र झुडपाआडून एक जोडपं कपडे झटकत उठलं.

हे ओशाळले. "माय, लोक हासून राह्यले! राजधानी हाय हे. इथी वाघ नाई."

"तो का तुले सांगून येते?"

मग त्यांना दाखवायला मी एकटीच तरातरा पुढे निघाले. शेजारचं झुडूप खसखसलं आणि बैलाएवढं काळं धूड बाहेर आलं. "माय वं!" एक चप्पल तिथंच टाकून मी सासूबाईंच्या पाठीमागे! त्या हात पसरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. क्षणभर बघितलं, आणि खो खो हसत सुटल्या.

"अवं येडे, रोही व्हय थो! धानातून रोज हाकलतो न आपण. काढ थो चष्मा!"

बहीण गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. नीलगाय पाला चघळत निघून गेली. सासूबाईंनी माझी टाच तुटलेली चप्पल उचलून आणली, माझा हात धरला आणि टाळ्याबिळ्या न वाजवता पुढे चालू लागल्या. मी आपली लंगडत मागे.

वर तटावर वारा होता. खाली दूरवर दिल्ली पसरलेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"माह्या बहिणीनं आगगाडीबी नाई पाह्यली," म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले. मग ह्यांच्याकडे वळल्या.

"काऊन रे, तू म्हणे थो ताजमहाल... लय दूर हाय का?"